दहा फरशा

“सुटला तो काल,” शोभा म्हणाली. माझ्याकडे पाठ होती, हातात लाटणं होतं. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओल्या भिंतीचा वास येत होता. मी चहाचा कप धुवायला आले होते. “अगं वा!” मी म्हटलं, “मिळाला का जामीनदार?” लाटणं थांबलं नाही. “नाही मिळाला. कबूल केलं त्यानं. वकील म्हणाले, कबूल केलं की सोडतात. आत काढले तेवढे महिने शिक्षेत धरले.” तव्यावरची पोळी तिनं उलटली, फडक्यानं दाबली, ती टम्म फुगली. मग त्याच आवाजात, “आज डब्याला सहाच ना?” मी हो म्हटलं. कप धुतला. धुतलेला कप पुन्हा एकदा धुतला. माझं ते “अगं वा” आता मागे घेता येत नव्हतं.

कारण दोन महिन्यांपूर्वी तिनं मला विचारलं होतं. याच ओट्याशी.

शोभा (नाव बदललंय) आमच्याकडे नऊ वर्षं पोळ्यांना येते. तिचा मोठा मुलगा तेव्हा एकवीस वर्षांचा, मोटरसायकलवरून जेवणाचे डबे, पार्सलं पोचवायचा. २०२३च्या उन्हाळ्यात चोरीच्या मोबाइलच्या एका प्रकरणात तीन पोरं धरली, त्यात हा होता. जामीन मंजूर झाला तो ऑगस्टमध्ये. त्या आदेशाची झेरॉक्स दुधाच्या पिशवीत गुंडाळून तिनं आणली होती. हात पुसून, पिशवीची गाठ सोडून तिनं तो कागद माझ्यापुढे धरला. पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे त्यानं स्वतः लिहून द्यायची हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. “म्हणजे सुटला की,” मी म्हटलं होतं. तेव्हाही घाईच केली होती. तिनं समजावून सांगितलं. भाऊ आहे, पण तो दुसऱ्या जिल्ह्यात आणि त्याच्या नावावर काही नाही. ती राहते ती खोली भाड्याची. नवरा नाही. मुलाच्या कंपनीत त्याला ओळखणारं माणूसच नाही, तिथं सगळं मोबाइलवर. आणि कोर्टाला पाहिजे रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, नाहीतर पगाराचा दाखला, नाहीतर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. “वहिनी, तुमचं घर स्वतःचं आहे. पैसे भरायचे नसतात. नुसतं उभं राहायचं असतं कोर्टात.”

मी म्हटलं, “ह्यांच्याशी बोलून सांगते.”

ह्यांच्याशी मी बोललेच नाही. आजपर्यंत नाही. हे वाचतील तेव्हाच त्यांना कळेल. तीन दिवस मी शोभा यायच्या वेळेला फिरायला जात होते. चौथ्या दिवशी समोरासमोर आलो तेव्हा तिनं तो विषय काढला नाही, पाचव्याही दिवशी नाही, आणि मग मी सुटल्यासारखी घरात वावरायला लागले. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पोळ्या तशाच मऊसूत होत होत्या.

आमच्या घरात ‘जामीन’ हा शब्द फार जुना आहे. माझे वडील सरकारी कचेरीत कारकून होते. मी पाचवीत असताना त्यांनी एका सहकाऱ्याच्या कर्जाला नोकरदारांच्या पतसंस्थेत सही दिली. बहिणीचं लग्न आहे, म्हणाला होता तो. लग्न झालं, आणि काही महिन्यांनी तो नोकरी सोडून कुठे गेला ते कोणालाच कळलं नाही. हप्ते वडिलांच्या पगारातून कापले जायला लागले. त्या दिवाळीत आईनं तिच्या जुन्या साडीचे आम्हा बहिणींना परकर शिवले आणि आम्हाला ते आवडलेत असं आम्ही दाखवलं. वडील कोणाला काही बोलले नाहीत. फक्त कचेरीत जाताना पेन घरी ठेवून जायला लागले. खिशाला कायम लावलेलं, निळ्या टोपणाचं शाईचं पेन. कोणी कागद पुढे केला की ते सदऱ्याचा रिकामा खिसा दाखवत. कचेरीतल्या कारकुनानं पेन नाही म्हणणं म्हणजे काय ते समोरच्याला कळायचं. निवृत्त होईपर्यंत ते पेन आमच्या देवघराच्या कोनाड्यात होतं. आई वेगळं काही शिकवायच्या भानगडीत पडली नाही, तो कोनाडाच पुरेसा होता.

पुढे मी बँकेत लागले आणि तीस वर्षं लोकांना जामीनदार आणायला सांगितलं. दोन आणा, नोकरदार आणा, सॅलरी स्लिप आणा. माणूस काउंटरवरून वळून जायचा तेव्हा त्याच्या पाठीकडे बघून मला कळायचं की हा आता कोणाकोणाच्या दारात जाणार आहे, आणि तिथं त्याला काय ऐकू येणार आहे: घरी विचारून सांगतो. कधीकधी तो परत यायचाच नाही. फॉर्ममध्ये एक रकाना मोकळा राहायचा. मोकळ्या रकान्याची फाइल बंद करणं हे मला इतकं सवयीचं होतं, की शोभाचा कागद बघताना माझ्यातली कोण बोलली हे मला अजून नीट सांगता येत नाही. वडिलांची मुलगी की बँकेतली बाई.

शोभाच्या बोलण्यातून तो तुरुंग आमच्या स्वयंपाकघरात हळूहळू आला होता. आधी मी फार विचारायची नाही, म्हणजे तिला अवघड वाटेल म्हणून. मग लक्षात आलं की तिलाच सांगायचं असतं. ‘मुलाखत’ म्हणजे आत असलेल्या माणसाला भेटणं, हे मला तिच्यामुळे कळलं. मुलाखतीसाठी सकाळी सातला रांगेत लागायचं, आधारकार्ड दाखवायचं, नातं सांगायचं. मग काच, काचेच्या पलीकडे पोरगा, आणि फोनचं रिसीव्हर. रिसीव्हरला आधीच्या माणसाच्या तोंडाचा वास. बनियन-चड्डी देता येते, घरचं खायला देता येत नाही. आम्हा पाच घरांना पोळ्या करून घालणाऱ्या बाईला स्वतःच्या मुलाला एक पोळी देता येत नव्हती. ती मनीऑर्डर करायची आणि तो आतल्या कँटीनमधून फरसाण घ्यायचा. तो मागायचा ते एकच, खरजेचं मलम. बराकीत सगळ्यांना खरूज. आणि एकदा तिनं सांगितलं, “कुशीवर झोपतात हो वहिनी. उताणं झोपायला जागाच नाही. एकाला कूस बदलायची तर अख्ख्या रांगेनं बदलायची. शेजारच्याच्या खांद्यावर टकटक करायचं, तो पुढच्याच्या. रात्री लघवीला उठला तर जागा गेलीच.” हे सांगताना ती कणीक मळत होती आणि मळता मळता तिनं गोळा आडवा लांब केला. बहुतेक तिचंही लक्ष नव्हतं.

त्या रात्री मी स्वयंपाकघराच्या फरशा मोजल्या. हसण्यासारखंच आहे, पण बँकेतल्या माणसाला आकडा हातात आल्याशिवाय दुःखही नीट होत नाही. सरकारच्या नमुना तुरुंग नियमावलीत बराकीतल्या एका माणसाला किमान ३.७१ चौरस मीटर जागा सांगितली आहे, म्हणजे जेमतेम चाळीस चौरस फूट. आमच्या फरशा दोन बाय दोनच्या. म्हणजे एका कैद्याला दहा फरशा. बरं, पुष्कळ वाटतात. दहा फरशांत माणूस झोपेल, उशाशी पिशवी ठेवेल, पाय दुमडून बसेल. पण हे कागदावरचं झालं. महाराष्ट्रातल्या तुरुंगांची मिळून क्षमता सुमारे पंचवीस हजारांची आणि आत माणसं चाळीस हजारांवर. दहाच्या सहाच फरशा उरल्या. ही झाली सगळीकडची सरासरी. मुंबईच्या आर्थर रोडला अधिकृत क्षमता हजाराच्या आतली आणि माणसं तीन हजारांहून जास्त. तिथं तीन फरशा. दोन फूट रुंद, सहा फूट लांब. मी त्या तीन फरशांवर आडवी झाले. कुशीवर बरोब्बर मावले. फ्रिज मध्येच घरघरला आणि मी दचकून उठले, ह्यांनी पाहिलं तर काय सांगायचं म्हणून.

पुढचे बरेच दिवस मी आकडेच वाचत होते. देशभरच्या तुरुंगांचा हिशेब केंद्र सरकार दरवर्षी छापतं. २०२२च्या अखेरचा ताळेबंद असा: आत माणसं ५,७३,२२०. जागा ४,३६,२६६. आणि या माणसांपैकी ज्यांचा खटला अजून चालू आहे, ज्यांच्यावर काहीही शाबीत झालेलं नाही, असे ४,३४,३०२. तुरुंगाच्या भाषेत कच्चे कैदी, सरकारी कागदावर न्यायाधीन बंदी. या शेवटच्या दोन आकड्यांशी मी बराच वेळ थांबले. वजाबाकी केली, १,९६४ आली. देशातले सगळे तुरुंग नुसत्या कच्च्या कैद्यांनीच भरलेत, आणि गुन्हा सिद्ध होऊन शिक्षा झालेल्यांसाठी अख्ख्या देशात दोन हजार जागाही उरत नाहीत. मला आयुष्यभर वाटत आलं होतं की तुरुंगात गर्दी आहे म्हणजे देशात गुन्हेगार फार झालेत. ही गर्दी निराळीच होती. तारखेची वाट बघणाऱ्यांची, आणि शोभाच्या मुलासारखी तारीख झालेल्यांचीसुद्धा. न्यायाधीशानं जा म्हटलंय आणि दाराशी कोणी उभं नाही म्हणून आतच असलेल्यांची.

पुष्कळदा तारखेलाही नेत नाहीत. कोर्टात न्यायला पोलिसांची पार्टी मिळाली नाही, बंदोबस्त होता, मंत्र्यांचा दौरा होता. मग व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स. शोभा एकदा सगळी कामं सोडून कोर्टात गेली तर पडद्यावर पोरगा दिसला, तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता. पुढची तारीख पडली. “केस मात्र बारीक कापलेत,” एवढंच तिनं येऊन सांगितलं.

आमच्या लहानपणी तुरुंगाला एक मानच होता. मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही विचारा. टिळक मंडालेला, गांधीजी येरवड्याला. १९३२चा पुणे करार झाला तोही येरवड्याच्या तुरुंगात. त्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी शब्द न् शब्द उतरवून घ्यायचे. तुरुंग म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे दगडी भिंत, उंच खिडकीतला उन्हाचा कवडसा आणि मांडी घालून लिहिणारा माणूस यायचा. लिहायला जागा असलेला. त्या भिंतींआड दुसरीही माणसं होती, भुरटी, पाकीटमार, भूक लागली म्हणून धान्य उचललेली, आणि त्यांच्याबद्दल आम्हाला कोणी धडा लावला नव्हता. आर्थर रोडचं नाव बदलून साने गुरुजी मार्ग केलं त्यालाही आता खूप वर्षं झाली. पाटी साने गुरुजींची आहे. टॅक्सीवाल्याला आर्थर रोडच सांगावं लागतं.

त्याच आर्थर रोडच्या फाटकावर एक पेटी असते. कोर्टाचे जामिनाचे आदेश त्या पेटीत टाकायचे आणि ठरल्या वेळी ती उघडली जाते. वेळ चुकली तर एक रात्र आणखी आत. ही पेटी सगळ्या देशाला ठाऊक झाली ती ऑक्टोबर २०२१मध्ये. एका फार मोठ्या नटाच्या मुलाचा आदेश पेटीच्या वेळेनंतर पोचला आणि सुटका दुसऱ्या दिवसावर गेली. (तपास यंत्रणेनं पुढे आरोपपत्रातून त्याचं नाव वगळलं.) तेव्हा मी ती बातमी टीव्हीवर चहा पीत पाहिली होती. एक लाखाचा जामीनदार लागत होता आणि जुही चावला स्वतः कोर्टात जाऊन उभी राहिली. ‘लहानपणापासून ओळखते,’ वगैरे. मला ते तेव्हा फार गोड वाटलं होतं. खरंच गोड होतं. शोभाच्या मुलालाही मी तो बारा वर्षांचा असल्यापासून ओळखते; आमच्या गॅसच्या टाकीची नळी पहिल्यांदा त्यानंच बदलून दिली होती.

कोर्टांना हे कळत नाही असं नाही. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. मोतीराम त्याचं नाव. त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि त्याचा भाऊ उभा राहिला तर भाऊ आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून खालच्या कोर्टानं नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हाच सांगून ठेवलं की गरिबाकडे त्याच्या ऐपतीबाहेरची हमी मागू नका, आणि जिल्हा वेगळा म्हणून भाऊ नाकारू नका. पुढच्याच वर्षी बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खटल्याविना पडलेल्या लोकांचं हुसैनारा खातून प्रकरण झालं. आता २०२३च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं आणखी स्पष्ट केलं: जामीन मंजूर होऊन महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्टानं आपणहून अटी शिथिल करायचा विचार करावा. त्याच वर्षी केंद्रानं गरीब कैद्यांच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत मदतीची योजना आणली. हे सगळं शोभाच्या कागदाच्या आधी किंवा आसपासचं. म्हणजे कायदा तिच्या बाजूनं उभा होता, पण तो कुठे भेटतो, कोणत्या खोलीत, किती ते किती, हे तिला कोणी सांगितलं नाही. सरकारतर्फे मिळालेल्या वकिलांनी तसा अर्ज केला होता की नाही, तेही तिला माहीत नव्हतं. मला हे सगळं कळलं तेव्हा पोरगा सुटून आला होता. वाचायला बसायला मीही उशीरच केला.

गेल्या वर्षी लेकीकडे नेदरलँड्सला गेलो होतो. तिनं आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून रुरमोंड नावाच्या गावात एका हॉटेलात रात्रीची खोली घेतली. हॉटेल म्हणजे जुना तुरुंग. शंभरावर कोठड्यांच्या चाळीसेक खोल्या केल्यात. दारं तीच, जाडजूड, बाहेरून बघायचं भोक असलेली. आत पांढरीशुभ्र गादी, कॉफीचं यंत्र, वाफाळतं पाणी. सगळ्यात महागड्या चार सुइटना नावं दिलीत: जेलर, वकील, संचालक, न्यायाधीश. कैद्याचं नाव एकाही खोलीला नाही, हे ह्यांच्या लक्षात आलं, माझ्या नाही. लेक कौतुकानं सांगत होती, या देशात मध्यंतरी कैदीच इतके कमी झाले की त्यांनी तुरुंग बंद केले, काही बेल्जियमला आणि नॉर्वेला भाड्यानं दिले. (आता तिथंही कोठड्या पुरत नाहीत म्हणे.) रात्री मला झोप लागेना. एवढी मोठी गादी. मी कडेला जाऊन कुशीवर झोपले, आणि सकाळी ह्यांनी विचारलं, “अशी कोपऱ्यात का आक्रसलीस?”

परत आल्यावर मला सवयच लागली, कुठल्याही देशाचं नाव निघालं की तिथले तुरुंग शोधायची. जगात एक कोटी दहा लाखांहून जास्त माणसं आत आहेत आणि त्यातली तिघांतली एक खटला न संपलेली. आपल्याकडे चारांतली तीन. फिलिपिन्समध्ये केसोन सिटीचा तुरुंग आठशे माणसांसाठी बांधलेला. २०१६मध्ये तिथं चार हजारांच्या आसपास लोक होते आणि जिन्याच्या एकेका पायरीवर एकेक माणूस झोपलेला फोटो जगभर गेला. कॅलिफोर्नियाला २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, कैदी कमी करा. करायचे किती, तर क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे तिथं आदेशानंतरची सुधारलेली स्थितीसुद्धा भरून वर सांडलेली. इंग्लंडनं सप्टेंबर २०२४मध्ये कोठड्याच शिल्लक नाहीत म्हणून लोकांना मुदतीआधी सोडलं. एल साल्वाडोरनं उलटं केलं, २०२३मध्ये चाळीस हजार माणसांचा एकच तुरुंग उघडला, आणि आज त्या देशातली शंभरातली एकाहून जास्त माणसं आत आहेत. तिथल्या पुष्कळांना हे आवडतं, रस्ते शांत झालेत म्हणतात. मला त्यांना नावं ठेवता येत नाहीत. आमच्या गल्लीत मोबाइल हिसकावून नेले तेव्हा मीही म्हटलंच होतं, पोरांना आत टाका चांगलं.

आणि हेही सांगते, शोभाच्या मुलानं तो मोबाइल घेतला होता की नव्हता, मला माहीत नाही. शोभालाही माहीत नाही. “तो नाही म्हणतो. पण आई विचारते तेव्हा पोरं नाहीच म्हणणार ना,” असं ती एकदा म्हणाली. तिच्या या एका वाक्यामुळे मला ती आमच्या सगळ्या नातेवाइकांपेक्षा सरळ वाटते.

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू २६ नोव्हेंबर २०२२ला सुप्रीम कोर्टातल्या संविधान दिनाच्या कार्यक्रमात यावर बोलल्या होत्या. न्यायाधीशांसमोर, लिहिलेलं बाजूला ठेवून, हिंदीत. खटला लढता लढता घरातली भांडीकुंडी विकली जातात म्हणून घरचे लोक आतल्या माणसाला सोडवायलाही धजावत नाहीत, असं काहीसं. आणि तुरुंग भरलेत म्हणून आणखी तुरुंग बांधायचे म्हणता, मग आपण कसली प्रगती करतोय, असाही प्रश्न. ते भाषण ऐकताना मला आमच्या स्वतंत्रपूरची आठवण झाली. आटपाडीजवळ, औंध संस्थानच्या काळात १९३९ साली वसवलेली कैद्यांची वसाहत. भिंत नाही. खुनाची शिक्षा भोगणारी माणसं तिथं बायकापोरांसह राहून शेती करत. आजही तो खुला तुरुंग आहे. पण तिथं जायचं तर आधी शिक्षा व्हावी लागते आणि मग वर्तन चांगलं ठेवावं लागतं. शिक्षाच न झालेल्याला शेत नाही, त्याला तीन फरशा. शोभाला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग आधी कबूल केलेलंच बरं की.”

कबूल करताना त्याला काय वाटलं, हे मी तिच्याकडून तुकड्यातुकड्यांनी काढून घेतलं. बराकीतल्या जुन्या माणसांनीच त्याला समजावलं. केस चालेल तीन वर्षं, चार वर्षं. साक्षीदार येणार नाहीत. कबूल केलंस तर न्यायाधीश भोगलेल्या दिवसांवर सोडतील. सहा महिने झाले होते. त्यानं एका मिनिटात हो म्हटलं. न्यायाधीशांनी विचारलं, कोणाच्या दबावाखाली तर सांगत नाहीस ना, आणि तो नाही म्हणाला. मी हिशेब केला: तिनं मला विचारलं त्या दिवशी मी गेले असते, तर त्यातले दोन महिने वाचले असते आणि ‘कबूल’ हा शब्दही. आता एका मॉलमध्ये सिक्युरिटीची जागा होती, पण तिथं पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही लागतो. तो नियम कमिटीत मांडला त्या दिवशी मी हजर होते आणि हात वर केला होता.

वडील जाऊन अकरा वर्षं झाली. ते पेन माझ्याकडे आलंय, शाई वाळून निब चिकटलेलं. मध्ये एकदा गरम पाण्यात ठेवून पाहिलं, थोडा निळा रंग सुटला.

परवा रविवारी शोभाच्या पायाला लागलं म्हणून मुलगाच डबा परत द्यायला आला. दोन वर्षांत पहिल्यांदा दारात. उंच झालाय की वाळलाय कळेना. मी बस म्हटलं तर तो सोफ्यावर बसला नाही, स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून खाली बसला, गुडघे छातीशी घेऊन. मी चहा ठेवला. त्याच्या मनगटाशी खरजेचे जुने काळे डाग होते. काय काम करतोस विचारलं तर भाजीच्या टेम्पोवर आहे म्हणाला, पहाटे तीनला उठतो. मला त्याला पुष्कळ काही सांगायचं होतं. मी साखर किती, ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी शोभा लंगडत आलीच. मी म्हटलं, पोरगा चांगला आहे ग, शांत झालाय. ती म्हणाली, “दिवसा बरा असतो. झोपेत अजून टकटक करतो वहिनी. कूस बदलायच्या आधी. बाजूला कोणी नसतं हो, भिंत आहे. भिंतीवर करतो.” मग तिनं परातीत पीठ घेतलं, मीठ टाकलं, मधोमध खळगा केला आणि पाण्याचा तांब्या शोधत विचारलं, “पाहुणे येणारेत म्हणाला होतात ना? किती करू?”